सिगिश्वारा: रंगीत गढीचे गाव आणि एकटीने चालवलेली गाडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही 54 वर्षांच्या आहात, बँकेतून नुकत्याच निवृत्त झाला आहात आणि नाशिक-मुंबई रस्ता, कसारा घाटासकट, वीस वर्षे स्वतः गाडी चालवून अंगवळणी पडलेला आहे. मुलगी म्युनिकला असते. तिच्याकडे महिनाभर जाणार आहात आणि त्यातले आठ दिवस रोमानियात भाड्याची गाडी घेऊन, एकटीने, सिगिश्वारा नावाचे रंगीत घरांचे गाव पाहायचे आहे. मुलगी म्हणते, एकटी जाऊ नकोस. तुम्ही विचारता की जावे का, गाडी घ्यावी की आगगाडीने फिरावे, आणि बुखारेस्ट, ब्रानचा किल्ला, ब्राशोव्ह व सिगिश्वारा हे सगळे आठ दिवसांत बसेल का.

मी गेली चौदा वर्षे युरोपातल्या लहान गावांतून एकटीने गाडी चालवत फिरते आणि इतरांना अशा सहली आखून देते. ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे रोमानियाच्या ज्या भागात हे गाव आहे तिथे, माझ्या पाच फेऱ्या झाल्या आहेत. माझे उत्तर असे की जरूर जा, गाडी घ्या, आणि यादीतून बुखारेस्ट, ब्रान व ब्राशोव्ह खोडून टाका. सिगिश्वाऱ्यात सलग चार रात्री राहा. गढीचा, म्हणजे टेकडीवरच्या तटबंदीतल्या जुन्या गावाचा, भाग इतका लहान आहे की दोन तासांत पायी फिरून होतो, म्हणूनच लोक तिथे दोन तास थांबून पुढे जातात आणि ‘छान होते, पण फार काही नव्हते’ असे सांगतात. त्या गावाचा रंग कळायला आजूबाजूची खेडी पाहावी लागतात, आणि खेडी पाहायची तर गाडी लागते. आगगाडी सिगिश्वाऱ्यापर्यंत नेते. तिथून बियेर्तान किंवा व्हिस्क्री अशा खेड्यांना जायची सोय तुटपुंजी आहे.

आधी कागदपत्रे, कारण त्यात एक गोष्ट अलीकडेच बदलली आहे. रोमानिया हवाई आणि सागरी मार्गांसाठी मार्च 2024 मध्ये, तर रस्त्याच्या सीमांसाठी 1 जानेवारी 2025 पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आला. त्यामुळे तुमचा शेंगेन व्हिसा तिथेही चालेल आणि म्युनिक-रोमानिया-म्युनिक ही फेरी त्याच क्षेत्राच्या आतली धरली जाईल. जुन्या लेखांत आणि नातेवाइकांच्या सल्ल्यात ‘रोमानियाचा वेगळा व्हिसा’ असा उल्लेख सापडेल, तो आता लागू नाही. मात्र तिथले दिवसही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहण्याच्या हिशेबात मोजले जातात. जास्त दिवस जर्मनीत राहणार असल्याने अर्ज जर्मनीकडेच करायचा आणि प्रवासाच्या आराखड्यात रोमानियाचे आठ दिवस लपवून न ठेवता स्पष्ट लिहायचे.

गाडीसाठी भारतीय परवाना आणि त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना, असे दोन्ही हवेत. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून एक वर्षासाठी मिळतो. व्हिसा हाती आल्यावर लगेच अर्ज करा. भाड्याच्या गाडीचे डिपॉझिट बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डावरच रोखून ठेवतात आणि ते कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचे असावे लागते, त्यामुळे मुलीचे कार्ड तिथे उपयोगाचे नाही. कार्डाची मर्यादा पुरेशी आहे ना आणि परदेशी व्यवहार सुरू आहेत ना, हे बँकेच्या माणसाला मी वेगळे सांगायला नको. विम्यात ‘अपघात झाल्यास आपल्या खिशातून जाणारी रक्कम’ किती आहे ते वाचून घ्या. ती शून्यावर आणणारे जादा संरक्षण महाग असते, पण पहिल्या खेपेला ते घ्यावे असे माझे मत आहे. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चारही चाकांच्या रिमा आणि काच यांचे चित्रण मोबाइलवर करा. एकदा माझ्याकडून आधीच्याच एका ओरखड्याचे पैसे कापले गेले होते आणि माझ्याजवळ दाखवायला काहीही नव्हते. तेव्हापासून मी पाऊस असला तरी छत्री धरून ती तीन मिनिटे खर्च करते.

शक्य असेल तर ऑटोमॅटिक गाडी घ्या. उजव्या बाजूने गाडी चालवणे तितकेसे अवघड नाही. समोरची वाहतूकच तुम्हाला रांगेत ठेवते. अवघड असते ते हातापायांच्या सवयींचे. आपल्याकडे इंडिकेटरचा दांडा उजव्या हाताला असतो, तिथे तो डाव्या हाताला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर कडक उन्हात वायपर फिरू लागतात. त्याने कोणाचे काही बिघडत नाही, पण लक्ष विचलित होते, आणि त्याच क्षणी उजव्या हाताने गिअरही शोधावा लागत असेल तर गोंधळ वाढतो. खरी चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर. पेट्रोल भरून किंवा शेताच्या कडेला फोटो काढून पुन्हा रस्त्यावर येताना समोर एकही वाहन नसते आणि हात आपोआप गाडी डावीकडे नेतो. माझ्याकडून हे एकदा झाले, समोरून ट्रॅक्टर आला, त्या माणसाने शांतपणे थांबून हाताने मला पलीकडची बाजू दाखवली. तेव्हापासून थांबा घेतल्यावर निघताना मी मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणते. गाडीत ऐकायला दुसरे कोणी नसते, हा एकटीच्या प्रवासाचा फायदाच आहे.

रोमानियाच्या नियमांपैकी जे चुकवून चालत नाहीत ते असे. गावात वेगमर्यादा 50, गावाबाहेर साध्या रस्त्यावर 90, युरोपीय क्रमांकाच्या महामार्गांवर 100 आणि मोटरवेवर 130 किलोमीटर. गावाच्या नावाची पाटी दिसली की 50 सुरू होतात, घरे दिसोत वा न दिसोत; नावावर तिरपी रेघ असलेली पाटी आली की गाव संपले. ट्रान्सिल्व्हेनियात गावे रस्त्याच्या दुतर्फा लांबलचक पसरलेली असल्यामुळे वेग सतत कमी-जास्त करावा लागतो आणि म्हणूनच शंभर किलोमीटरला दोन तास धरावे लागतात. गावाबाहेर दिवसाही दिवे लावणे सक्तीचे आहे. गोल चौकात आत असलेल्याला प्राधान्य असते; आपल्याकडे शिरणारा आत घुसतो, ते विसरा. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. राष्ट्रीय महामार्गांसाठी ‘रोविनिएता’ नावाचा रस्ताकर असतो, तो गाडीच्या नंबरावर संगणकातच नोंदलेला असतो आणि कॅमेरे तो तपासतात. भाड्याच्या गाडीचा तो बहुधा भरलेला असतो, तरी काउंटरवर विचारून घ्या.

आणि दारू. रोमानियात चालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे. तुम्ही घेत नसाल तर प्रश्न नाही, पण खेड्यात कोणाच्या अंगणात पाच मिनिटे बोलत उभे राहिलात तर आतून आलुबुखारासारख्या फळाची घरगुती ‘त्सुइका’ येण्याची शक्यता बरीच असते आणि नाही म्हणणे त्यांना रुचत नाही. गाडीची किल्ली वर करून दाखवा, लगेच समजतात आणि त्याऐवजी सरबत येते.

अंधारात गाडी चालवू नका, ही माझी एकमेव ठाम अट आहे. चोरांच्या भीतीमुळे मी हे सांगत नाही. त्या बाबतीत तो भाग मला कधीच धोक्याचा वाटला नाही. घोडागाड्या अजून रस्त्यावर आहेत, त्यातल्या काहींना मागे दिवा नसतो, खेड्यात चारचाकी ओव्हरटेक करण्याची तिथली रीत आपल्यासारखीच धाडसी आहे आणि डोंगराळ भागात अस्वले रस्ता ओलांडतात. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे ही अट जाचक होत नाही. ऑक्टोबरमध्ये मात्र साडेसहाच्या सुमारास काळोख पडतो. मे-जून आणि सप्टेंबर हे माझ्या मते सर्वांत चांगले महिने. जुलैच्या शेवटी सिगिश्वाऱ्यात मध्ययुगीन उत्सव भरतो, तेव्हा गढीत पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव चढलेले असतात; ज्यांना गर्दी आवडते त्यांनी जावे.

म्युनिकहून सिबियूला थेट विमाने आहेत, त्यामुळे बुखारेस्टचा वळसा घेण्याचे कारणच उरत नाही; बुखारेस्टहून सिगिश्वारा सुमारे तीनशे किलोमीटर आहे, सिबियूहून नव्वदच्या आसपास. पहिली रात्र सिबियूत काढा आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर जाऊन घ्या. उतरल्या उतरल्या, थकलेल्या अवस्थेत, नव्या बाजूने चालवायला सुरुवात करणे चूक आहे, आणि सिबियूचा जुना भाग पायी पाहण्यासारखा आहे. तिथल्या उतरत्या कौलारू छपरांत पापण्यांसारख्या खिडक्या आहेत, त्यामुळे घरे आपल्याकडे अर्धवट डोळे उघडून पाहत आहेत असे वाटते. ते माळ्यावर हवा खेळावी म्हणून ठेवलेले झरोके आहेत. हे शहर 2007 मध्ये लक्झेंबर्गसोबत युरोपची सांस्कृतिक राजधानी होते आणि ही जोडी योगायोगाने जमलेली नव्हती. बाराव्या शतकात हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने सीमेच्या रक्षणासाठी आणि शेती-उद्योगासाठी जे जर्मनभाषक लोक इथे बोलावले, त्यांच्यापैकी बरेच ऱ्हाइन, मोझेल आणि लक्झेंबर्गच्या परिसरातले होते. त्यांना सॅक्सन हे नाव पडले आणि सिगिश्वारा, सिबियू, मेदियाश ही गावे त्यांनी वसवली. सिगिश्वाऱ्याचे जर्मन नाव शेसबुर्ग, हंगेरियन नाव शेगेश्वार. पाट्यांवर तिन्ही दिसली तर चक्रावू नका.

सिबियूहून सिगिश्वाऱ्याला जाणारा डीएन 14 हा रस्ता पहिल्या दिवसासाठी योग्य आहे, कारण तो अरुंद घाटाचा नाही आणि फार वेगाचाही नाही. वाटेत स्लिमनिकला टेकडीवरचा भग्न किल्ला लागतो. पुढे कॉप्शा मिका नावाचे गाव येते. बहुतेक जण तिथे काच वर करून वेग वाढवतात, तुम्ही थांबू नका पण पाहून घ्या. रबर आणि रंगांसाठी लागणारी काजळी बनवणारा कारखाना तिथे 1993 पर्यंत चालू होता आणि शिसे-जस्त गाळणारा दुसरा त्यानंतरही बरीच वर्षे होता. घरे, झाडे, मेंढ्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, सगळे काळे पडत असे आणि युरोपातल्या सर्वांत प्रदूषित गावांत त्याची गणना होई. आता हिरवळ परतली आहे, पण जुन्या भिंतींच्या सांदीत तो काळेपणा अजून सापडतो. रंगीत गावाला जाताना तासाभराच्या अंतरावर हे गाव लागते, हे मला नेहमी लक्षणीय वाटत आले आहे.

मेदियाशनंतर उजवीकडे बियेर्तानचा फाटा आहे. आत नऊ-दहा किलोमीटर. द्राक्षांच्या उतारांमध्ये तिहेरी तटबंदी असलेले चर्च टेकडीवर बसले आहे. 1993 मध्ये ते जागतिक वारसा यादीत आले. 1572 पासून 1867 पर्यंत ट्रान्सिल्व्हेनियातल्या लुथरन बिशपांचे पीठ इथे होते. तुर्कांच्या स्वाऱ्यांच्या काळात गावाने आपले किल्ले बांधण्याऐवजी चर्चलाच किल्ला केले. धान्य, खारवलेले मांस आणि माणसे, सगळे संकटकाळी तटाच्या आत. इथे एक खोली पाहायची विसरू नका. घटस्फोट मागणाऱ्या जोडप्याला तिथे दोन आठवडे कोंडत, एक पलंग, एक टेबल, एक ताट आणि एक चमचा देऊन; तीनशे वर्षांत एकच घटस्फोट झाला असे तिथले लोक सांगतात. (घटस्फोट टळला म्हणजे संसार सुखाचा झाला, असा अर्थ मी तरी काढत नाही.) सामानघराच्या दाराचे 1515 चे कुलूप मात्र निःसंशय थोर आहे. एका किल्लीच्या फेऱ्याने दाराच्या चारही बाजूंनी डझनाहून जास्त कड्या एकदम सरकतात. ते 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले होते.

दुपारपर्यंत सिगिश्वारा गाठा. गढीत गाडी नेण्याच्या भानगडीत पडू नका. तिथे वाहनांना निर्बंध आहेत आणि चढावर गोट्यांसारख्या दगडांची फरसबंदी आहे. खालच्या गावात पैसे भरून लावायच्या जागा आहेत, राहत्या घराच्या मालकांना आधी विचारले तर ते योग्य जागा सांगतात. राहायचे मात्र गढीतच. जुन्या घरांत लिफ्ट नसते आणि चाकांची बॅग त्या दगडांवरून ओढणे म्हणजे सगळ्या गल्लीला आपण आल्याची वर्दी देणे, त्यामुळे पाठीवरची पिशवी आणि चार दिवसांचे कपडे एवढेच वर न्या, बाकीचे सामान गाडीच्या डिकीत झाकून ठेवा.

गढीचे दार म्हणजे घड्याळाचा मनोरा, 64 मीटर उंच. 1676 च्या आगीत त्याचे छप्पर जळाले, पुढच्याच वर्षी नवे बसवले. रंगीत चकाकत्या कौलांचे ते छप्पर खालच्या गावातून दुरूनही दिसते. 1899 पासून त्यात इतिहासाचे संग्रहालय आहे. घड्याळाशेजारच्या कोनाड्यात लाकडी बाहुल्या आहेत. खालच्या गावाकडे तोंड करून असलेल्या सात बाहुल्या सात वारांच्या आहेत आणि दर दिवशी त्यातली एकच बाहेर येते. आपल्याला ही रांग वाचायला गाइड लागत नाही. सोमवारी चंद्राची देवी डायाना, मग मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि आणि रविवारी सूर्य. मी पहिल्यांदा पाहिले तो शुक्रवार होता. माझ्या शेजारी उभे असलेले एक आजोबा नातीला ‘विनेरी’ असे सांगत होते, ‘विनेरी’ म्हणजे तिथला शुक्रवार आणि त्यातच व्हीनस म्हणजे शुक्र दडलेला. चार दिवस राहण्याचे हे एक लहानसे कारण: रोज सकाळी पाव आणायला खाली उतरताना वर पाहायचे आणि वार बदललेला पाहायचा.

मनोऱ्याच्या वरच्या सज्जातून सगळे गाव हातात आल्यासारखे दिसते आणि तिथूनच रंगांची रचना कळते. भिंती पिवळ्या, गेरूच्या, फिकट हिरव्या, निळ्या, गुलाबी. छपरे सगळी एकाच विटकरी रंगाची. पूर्वी या घरांना चुना लावत आणि त्या चुन्यात मातीचे रंग मिसळत. तुमच्या आजोळी भिंतीच्या चुन्यात नीळ घातलेली आणि खालच्या पट्ट्याला गेरू फिरवलेला तुम्ही पाहिला असेल; पद्धत तीच. चुना भिंतीतला ओलावा बाहेर जाऊ देतो, दर काही वर्षांनी नवा हात द्यावा लागतो, आणि प्रत्येक हाताखाली आधीचा रंग राहतो. त्यामुळे खरा चुन्याचा रंग सपाट दिसत नाही. ऊन तिरपे झाले की तो ढगाळ, थोडा आतून उजळलेला दिसतो. गढीतल्या बऱ्याच घरांना आता डब्यातला तयार रंग आहे. तो फोटोत भडक उठतो आणि बोट फिरवले की प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत लागतो. चुन्याच्या भिंतीवर बोट फिरवले तर बोटाला भुकटी लागते. दोन्हींतला फरक एकदा हाताला कळला की गावात फिरण्याची रीतच बदलते: तुम्ही फोटोसाठी रंगीत भिंत शोधायचे सोडून जुनी भिंत शोधू लागता.

ड्रॅक्युलाबद्दल एवढेच. व्लाद द्राकुल 1431 ते 1435 या काळात इथल्या पिवळ्या घरात राहिला आणि त्याचा मुलगा, पुढे सुळावर चढवण्यासाठी कुप्रसिद्ध झालेला आणि ज्याच्याशी ड्रॅक्युलाचे नाव जोडले जाते तो व्लाद त्सेपेश, तिथे जन्मला असे मानतात. आता तिथे उपाहारगृह आहे. बाहेरून पाहा आणि पुढे चला.

पुढे म्हणजे मनोऱ्यांकडे. तटावर एकेकाळी चौदा मनोरे होते, आज नऊ आहेत, आणि प्रत्येकाचा सांभाळ एकेका कारागीर संघाकडे होता: शिंपी, चांभार, कसाई, लोहार, चामडे कमावणारे, कथिलकाम करणारे, दोरखंड वळणारे. ज्याचा मनोरा त्याने तो बांधायचा, दारूगोळा भरायचा आणि हल्ला झाला तर तिथेच उभे राहून लढायचे. आपल्या जुन्या पेठांत आळीच्या नावावरून धंदा कळतो, इथे मनोऱ्याच्या नावावरून. दोरखंडवाल्यांच्या मनोऱ्यात आजही माणूस राहतो. वरच्या दफनभूमीची राखण करणारा. तिकडे जायला 1642 चा झाकलेला लाकडी जिना आहे, आता त्याला 175 च्या आसपास पायऱ्या आहेत. टेकडीवर शाळा आणि चर्च, आणि हिवाळ्यात मुलांनी बर्फात घसरू नये म्हणून पायऱ्यांवर छप्पर घातले. सकाळी आठच्या आत जा. लाकडाचा वास आणि फळ्यांच्या फटींतून पायऱ्यांवर पडणारे उजेडाचे पट्टे तेव्हा तुमच्या एकटीचे असतात. साडेदहाला बसगाड्या येतात.

वर दफनभूमीत थोडा वेळ बसा. आयव्हीच्या वेलींनी झाकलेल्या दगडांवर जवळजवळ सगळी नावे जर्मन आहेत, आणि खाली गावात ती भाषा आता क्वचित ऐकू येते. 1945 च्या जानेवारीत इथल्या जर्मनभाषकांपैकी हजारो जणांना सक्तीच्या मजुरीसाठी सोव्हिएत संघात नेले. पुढे कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत पश्चिम जर्मनीने माणशी पैसे मोजून अनेकांना सोडवून नेले, आणि राजवट कोसळल्यावर एकट्या 1990 मध्ये रोमानियातून एक लाखाहून जास्त जर्मनभाषक निघून गेले. आठशे वर्षे वसलेली गावे काही महिन्यांत रिकामी झाली. तुम्ही पाहायला जाता ती रंगीत घरे ज्यांनी रंगवली त्यांचे वंशज आज मुख्यतः जर्मनीत आहेत. घरात दुसरे लोक राहतात, रोमानियन, हंगेरियन आणि रोमा (ज्यांना पूर्वी जिप्सी म्हणत). हे माहीत असले की खेड्यांतली बंद दारे वेगळी दिसू लागतात.

खेड्यांसाठी दोन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी व्हिस्क्री, चाळीसएक किलोमीटर. वाटेत सास्कीझला थांबा, तिथल्या मनोऱ्याचे छप्पर सिगिश्वाऱ्याच्या घड्याळासारखेच आहे. या मोठ्या रस्त्यावर मालट्रकची वर्दळ असते, मागून कोणी चिकटला तर उजवा इंडिकेटर देऊन त्याला जाऊ द्या. व्हिस्क्रीला गाडी वेशीवर ठेवून चालत जायचे. रुंद कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना निळी, हिरवी, पिवळी घरे, प्रत्येकाच्या त्रिकोणी माथ्यावर चुन्यातच कोरलेले बांधणीचे साल, आणि दोन घरांना जोडणारे उंच दार, ज्यातून गवताने भरलेली गाडी आत जाईल. इथला निळा सिगिश्वाऱ्यातल्या कुठल्याही निळ्यापेक्षा खरा आहे. ब्रिटनचे राजे चार्ल्स यांनी युवराज असताना 2006 मध्ये इथे एक घर घेतले, त्यानंतर गावाचे नाव झाले; तरीही संध्याकाळी गावाचे गावपण परत येते. सहा-सातच्या सुमारास गुरे चरून परततात. एकही गुराखी कोणाला दार दाखवत नाही. गायी रांगेतून एकेक करून फुटतात, आपल्या दारापाशी थांबतात आणि दार उघडे नसेल तर हंबरतात. धूळ, घंटा, दुधाच्या बादल्यांचा आवाज. आपल्याकडे गोरज हा शब्द आता लग्नपत्रिकेपुरता उरला आहे, मी तो तिथे पुन्हा पाहिला. उजेड असेपर्यंतच परत निघायचे, एवढे भान ठेवा. त्यासाठीही जून बरा.

दुसऱ्या दिवशी नकाशावर नाव कमी ठळक असलेले कुठलेही सॅक्सन खेडे निवडा. चर्च बहुधा बंद असते आणि दारावर शेजारच्या घराचा क्रमांक किंवा फोन लिहिलेला असतो. किल्ली त्या घरी. एका गावात माझ्यासाठी ऐंशीच्या घरातल्या एक बाई एप्रन पुसत बाहेर आल्या, त्यांच्या हातात माझ्या कोपरापासून मनगटाएवढी लांब लोखंडी किल्ली होती. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांनी बाकांकडे बोट करून बायकांची बाजू आणि पुरुषांची बाजू दाखवली, मग बोटे मोजून आता प्रार्थनेला किती जण येतात ते सांगितले: चार. निघताना दानपेटीत काही टाका आणि किल्लीवालीचे आभार ‘मुल्त्सुमेस्क’ असे म्हणून माना. हा एक शब्द जरूर पाठ करून जा.

दुसरा शब्द जेवणासाठी. तुम्ही शाकाहारी आहात असे लिहिले आहे, आणि रोमानियन जेवण मांसाचे आहे. पण तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक वर्षातले बरेच दिवस उपास करतात, त्या उपासाच्या अन्नाला ‘दे पोस्त’ म्हणतात, आणि त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसते. ‘शाकाहारी’ म्हटल्यावर गोंधळणारा वाढपी ‘दे पोस्त’ म्हटल्यावर लगेच यादी सांगतो. भाजलेल्या वांग्याचे ‘सालाता दे विनेते’ म्हणजे आपले भरीतच, फोडणीशिवाय. ‘मामालिगा’ हा मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा असतो. दूधदुभते चालत असेल तर तो चीज आणि आंबट सायीसोबत मागा. सोबत मिरची-मिठाची पुडी न्या, तुम्हाला लागेल.

चालायला निघाल तर एक काळजी. मेंढपाळांचे कुत्रे कळपाजवळ आलेल्या परक्यावर धावून येतात. पळायचे नाही, पाठ फिरवायची नाही, उभे राहून मेंढपाळाची वाट पाहायची. सिगिश्वाऱ्यावरच्या ब्राइटे पठारावर शेकडो वर्षांचे ओक आहेत, तिथे भर दिवसा जा आणि निघण्यापूर्वी घरमालकांना अस्वलांविषयी विचारा. फगराश डोंगर ओलांडणारा ट्रान्सफगराशान हा घाट, 1970 ते 1974 या काळात सैन्याकडून बांधून घेतलेला, 2042 मीटरपर्यंत चढतो आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर एवढाच पूर्ण खुला असतो. कसारा चालवणाऱ्या हाताला तो जड जाणार नाही. पण रस्त्याकडेला अस्वल बसलेले दिसले तर काच बंद ठेवा, खायला देऊ नका आणि गाडीतून उतरू नका, समोरचे चार जण उतरले असले तरी. जूनमध्ये गेलात तर हा घाट आपोआप यादीतून जातो, त्याची हळहळ करू नका.

मुलीच्या काळजीचे उत्तर व्यवहारात द्या. तिथे उतरल्यावर स्थानिक सिमकार्ड घ्या, मोबाइलवरून आपले ठिकाण तिला सतत दिसेल असे ठेवा, रोज संध्याकाळी गाडी लावल्यावर एक निरोप पाठवा, आणि आणीबाणीसाठी 112 हा क्रमांक लक्षात ठेवा. घड्याळ म्युनिकच्या एक तास पुढे असते, हे तिलाही सांगून ठेवा. नाहीतर ठरलेल्या वेळेत रोज एका तासाचा घोळ होईल.

दिवसांची मांडणी मी अशी करेन. मंगळवारी सिबियूला उतरा. बुधवारी सकाळी गाडी घेऊन बियेर्तानमार्गे सिगिश्वारा. गुरुवारी गाडीला हातही लावू नका, गढी, जिना, दफनभूमी पाहा. शुक्रवारी व्हिस्क्री, शनिवारी आतली खेडी. रविवारी सकाळी खाली उतरताना घड्याळात सूर्य आलेला पाहून सिबियूकडे निघा आणि मेदियाशला जेवा. सोमवारी तिथली बहुतेक संग्रहालये बंद असतात, म्हणून तो दिवस सिबियूच्या गल्ल्यांसाठी ठेवा. मंगळवारी विमानतळाजवळच्या पंपावर टाकी भरून पावती जपून ठेवा, गाडी दिवसाउजेडी परत करा, आणि पुन्हा एकदा चारही बाजूंचे चित्रण करा.